कुणाची परंपरा? फुनमिलायो रॅन्सम-कुटी आणि अबेओकुटाच्या विक्रेत्या बायका

१९४७ च्या नोव्हेंबर महिन्याच्या शेवटी नायजेरियातल्या अबेओकुटा शहरात दहा हजारांहून जास्त बायका राजवाड्यासमोर येऊन बसल्या. बहुतेक बाजारात बसून माल विकणाऱ्या. कुणी तांदूळ विकणारी, कुणी पामतेल, कुणी निळीत रंगवलेलं कापड. दिवस गेला, रात्र गेली, बायका हलल्या नाहीत. बसल्या जागी गाणी म्हणत होत्या आणि ती गाणी भजनं नव्हती. राजाची आणि त्याच्या मर्दपणाची त्यात उघड टिंगल होती. बायकांवरचा कर काढा आणि कारभारात बायकांना जागा द्या, एवढीच सुरुवातीची मागणी. पुढे तिसरी मागणी आली: राजाने गादी सोडावी. १९४९ च्या जानेवारीत राजाने गादी सोडलीसुद्धा.

या बायकांच्या पुढे एक शाळामास्तरीण होती. फुनमिलायो रॅन्सम-कुटी. आपल्याकडे तिचं नाव फारसं कुणाला माहीत नाही. तिचा मुलगा फेला कुटी मात्र आपल्यातल्या संगीतवेड्या पोरांना माहीत असतो, त्याची गाणी मोबाईलवर असतात. फेलाची आई म्हणून तिची ओळख करून देणं म्हणजे उलटा कारभार आहे. तरी लेखाच्या शेवटाकडे फेलाकडे यावं लागेल, कारण परंपरा या शब्दाचं काय काय होऊ शकतं हे त्या घरातच दिसतं.

चळवळीतल्या तरुणांमध्ये परंपरेवर वाद निघाला की दोन टोकं ठरलेली असतात. एक म्हणतो जुनं सगळं जाळा. दुसरा म्हणतो ही आपली संस्कृती आहे, परक्यांनी दिलेलं सगळं टाका. फुनमिलायोंचं आयुष्य वाचताना मला जाणवलं की त्या या दोन्ही टोकांवर थांबल्या नाहीत. त्या वेगळाच प्रश्न विचारत होत्या. ही परंपरा कुणाच्या हातात आहे, आणि त्या हाताला तिचा उपयोग काय?

अबेओकुटा या नावाचा अर्थ खडकाखाली. योरुबा लोकांमधला एग्बा हा समूह युद्धांमुळे उद्ध्वस्त झाला आणि १८३० च्या सुमारास ओलुमो नावाच्या मोठ्या खडकाच्या आसऱ्याला येऊन वसला. तिथेच हे शहर उभं राहिलं. थोड्या वर्षांनी इथे आणखी एक प्रकारची माणसं परतू लागली. गुलाम म्हणून जहाजांत कोंबलेली, मध्येच ब्रिटिश आरमाराने सोडवून सिएरा लिओनच्या फ्रीटाऊनला उतरवलेली. त्यातले अनेक जण तिथे ख्रिश्चन झाले, लिहायला वाचायला शिकले, आणि आपलं गाव शोधत मागे आले. फुनमिलायोंच्या वडिलांकडची पणजी सारा तैवो ही गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडून पुढे घरी परतलेली बाई होती. म्हणजे हे घराणं एका अर्थाने विकल्या गेलेल्या माणसांचं घराणं. त्यांच्यासाठी शाळा आणि चर्च या फक्त गोऱ्यांच्या वस्तू नव्हत्या. आपण माणूस आहोत हे सिद्ध करायची ती जागा होती.

फुनमिलायोंचा जन्म २५ ऑक्टोबर १९०० चा. वडील डॅनियल थॉमस शेती करायचे, पामतेलाचा व्यापार करायचे. आई कपडे शिवायची. मुलीचं नाव ठेवलं फ्रान्सिस ॲबिगेल ओलुफुनमिलायो. पहिली दोन नावं बायबलवाल्यांची, तिसरं योरुबा. १९१४ मध्ये अबेओकुटा ग्रामर स्कूल या मुलांच्या शाळेने मुलींना दार उघडलं, तेव्हा आत गेलेल्या पहिल्या मुलींत त्या होत्या. १९१९ मध्ये घरच्यांनी त्यांना पुढच्या शिक्षणासाठी इंग्लंडला, चेशायर परगण्यातल्या विंचम हॉल या शाळेत पाठवलं. त्या काळात कुठल्याही आफ्रिकी मुलीसाठी ही फार मोठी गोष्ट.

तिथे त्या संगीत शिकल्या, गृहशास्त्र शिकल्या, इंग्रजी कसं बोलावं ते शिकल्या. आणि वर्णभेद म्हणजे काय तेही शिकल्या. परत येताना त्यांनी फ्रान्सिस आणि ॲबिगेल ही दोन्ही नावं टाकून दिली. यापुढे फक्त फुनमिलायो. नाव बदलणं ही किती मोठी गोष्ट असते हे या संकेतस्थळाच्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको.

पण नाव बदललं म्हणून माणूस लगेच बदलतो असं नाही. ही गोष्ट मला त्यांच्या आयुष्यात फार खरी वाटते. परतल्यावर त्या शिक्षिका झाल्या. १९२५ मध्ये त्यांनी इस्रायल ओलुडोटुन रॅन्सम-कुटी यांच्याशी लग्न केलं. ते पाद्री, मुख्याध्यापक, आणि पुढे १९३१ मध्ये उभ्या राहिलेल्या नायजेरियातल्या शिक्षक संघटनेचे पहिले अध्यक्ष. त्यांचे वडील जोसाया रॅन्सम-कुटी हेही पाद्री. त्यांनी ख्रिस्ती स्तोत्रं योरुबा लोकांच्या चालींवर बांधली, आणि १९२२ मध्ये लंडनला जाऊन ती ध्वनिमुद्रितही केली. मिशनरी लोकांना ढोल आणि देशी चाली खपत नसत त्या काळातली ही गोष्ट. घरात इंग्रजी आणि योरुबा यांची अशी सरमिसळ आधीपासून होती. रॅन्सम हे नाव मात्र एका इंग्रज मिशनऱ्याचं.

१९३२ मध्ये नवऱ्याकडे अबेओकुटा ग्रामर स्कूलचं मुख्याध्यापकपद आलं आणि कुटुंब शहरात परतलं. त्याच वर्षी फुनमिलायोंनी अबेओकुटा लेडीज क्लब काढला. नावावरूनच कळेल तो कसला होता. शिकलेल्या, ख्रिश्चन, बऱ्या घरातल्या बायका जमायच्या. शिवणकाम, स्वयंपाकाचे नवे प्रकार, मुलींना वळण. वाईट काही नव्हतं. पण बाजारात दिवसभर उन्हात बसणारी बाई त्या क्लबात नव्हती आणि तिला तिथे बोलावण्याचं कुणाच्या मनातही नव्हतं.

मी वस्त्यांमध्ये बचत गटांचं काम करते. बैठकीत दोन खुर्च्या असतात आणि बाकी सतरंजी. खुर्चीवर कुणी बसायचं हे कुणी ठरवत नाही, तरी ते ठरलेलं असतं. लेडीज क्लबविषयी वाचताना मला त्या दोन खुर्च्याच आठवल्या.

सतरंजीवरची बाई क्लबात आली ती १९४४ च्या सुमारास. बाजारातल्या एका बाईने वाचायला शिकायची इच्छा दाखवली आणि फुनमिलायोंनी विक्रेत्या बायकांसाठी वाचनाचे वर्ग सुरू केले. अक्षरं शिकवताना बायका बोलू लागल्या. महायुद्धाचे दिवस होते. सरकारी माणसं आणि राजाची माणसं बाजारात येऊन तांदूळ जप्त करायची किंवा पडेल भावाने उचलून न्यायची. कर गोळा करणारे घरात घुसायचे. मुलगी कर भरायच्या वयाची झाली की नाही हे तपासण्यासाठी तिचे कपडे उतरवले जातात, अशाही तक्रारी होत्या. मास्तरीण शिकवायला बसली होती, आणि आता तीच शिकत होती. आधी क्लबने तांदळाच्या जप्तीचा प्रश्न वर्तमानपत्रांतून आणि अधिकाऱ्यांकडे लावून धरला, आणि जप्ती थांबली. या यशाने बायकांना बळ आलं.

१९४६ मध्ये लेडीज क्लब हे नाव गेलं. नवं नाव अबेओकुटा विमेन्स युनियन. सभासद कुणीही बाई होऊ शकत होती. वर्गणी भरणाऱ्या सभासदांची संख्या वीस हजार सांगितली जाते. आणि नावापेक्षा मोठा बदल कपड्यांत झाला. फुनमिलायोंनी इंग्रजी झगे टाकले आणि त्या कायम योरुबा बायकांचा गुंडाळायचा कपडा, वर पोलकं आणि डोक्याला बांधायचं वस्त्र वापरू लागल्या. सभेत योरुबाच बोलायचं असंही ठरलं. इंग्रज अधिकाऱ्यासमोर बोलायची वेळ आली तरी त्या योरुबात बोलत. इंग्रजी त्यांना उत्तम येत होतं, त्यामुळे दुभाष्याची अडचण अधिकाऱ्याला व्हायची, त्यांना नाही.

इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घेण्यासारखी आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी आपल्या बायकांना साडी नेसण्याची पद्धत बदलायला आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकायला सांगितलं. तिथे पारंपरिक पेहराव हा गुलामीचा शिक्का होता, म्हणून तो टाकणं ही मुक्ती. अबेओकुटात पारंपरिक पेहराव सामान्य विक्रेत्या बाईचा होता आणि तो टाकला की शिकलेली बाई तिच्यापासून तुटत होती, म्हणून तो घालणं ही जोडणी. वरवर पाहिलं तर दोन्ही कृती एकमेकींच्या विरुद्ध आहेत. दोन्हींचं माप मात्र एकच आहे: या कपड्याने मी कुणाच्या जवळ जाते आणि कुणापासून लांब?

आता राजाकडे येऊ. एग्बांचा मुख्य राजा म्हणजे अलाके. १९२० पासून गादीवर अलाके दुसरा अडेमोला होता. ब्रिटिशांनी १९१४ मध्ये एग्बांचं स्वतंत्र राज्य संपवलं आणि त्यांची ती प्रसिद्ध अप्रत्यक्ष राजवट लागू केली. सूत्र सोपं होतं. गोऱ्याने थेट राज्य करायचं नाही. स्थानिक राजाला पुढे ठेवायचं, त्याच्याकरवी कर गोळा करायचा, आणि हे सगळं तुमच्याच परंपरेप्रमाणे चाललंय असं लोकांना सांगायचं. अलाकेला त्यांनी एकमेव देशी सत्ताधारी असा दर्जा दिला.

यातला एकमेव हा शब्द म्हणजे शुद्ध थाप आहे. जुन्या एग्बा रीतीत राजा कधीच एकटा नव्हता. त्याच्यावर ओग्बोनी नावाच्या ज्येष्ठांच्या मंडळाचा अंकुश असायचा, आणि राजा डोईजड झाला तर त्याला काढायची ताकदही त्यांच्यात होती. बायकांच्या वतीने बोलायला इयालोडे हे पद होतं. एग्बांची पहिली इयालोडे एफुनरोये टिनुबू ही मोठी व्यापारी बाई होती. दाहोमेच्या फौजा शहरावर चालून आल्या तेव्हा तिने एग्बांना शस्त्रं पुरवली आणि १८६४ मध्ये तिला हे पद मिळालं. टिनुबूबाई सोज्वळ नव्हत्या, त्यांचा गुलामांच्या व्यापारातही हात होता, हेही सांगायला हवं. पण बाजारातल्या बाईचा आवाज राजाच्या दरबारात पोचायची एक वाट तिथे होती. ब्रिटिशांनी परंपरा म्हणून राजा तेवढा ठेवला. अंकुश काढले, बायकांची वाट बुजवली.

टेरेन्स रेंजर या इतिहासकाराने १९८३ मध्ये वसाहतकाळातल्या आफ्रिकेविषयी हेच मांडलं. आफ्रिकी माणूस जन्मभर एकाच रूढीत जगतो असा गोऱ्या अधिकाऱ्यांचा समज होता. त्यांनी वाहती रीत कागदावर गोठवली, आणि त्या गोठलेल्या रीतीचा फायदा घेतला तो मुख्यतः सरदारांनी, म्हाताऱ्यांनी आणि पुरुषांनी. बायका, तरुण पोरं आणि बाहेरून आलेले लोक मात्र आणखी दाबले गेले. एम. ए. ला हा निबंध वाचला तेव्हा परीक्षेपुरता वाचला होता. फुनमिलायोंची गोष्ट कळल्यावर तो खरा समजला.

करातही हाच डाव. योरुबा बायका पूर्वीपासून स्वतः व्यापार करत आणि नवरा-बायकोचा पैसा वेगळा असे. ही त्यांची स्वतंत्रता. सरकारने त्याच स्वतंत्रतेला धरलं. बाई स्वतंत्र कमावते ना, मग तिने स्वतंत्र कर भरावा. नायजेरियाच्या बहुतेक भागांत बायकांवर कर नव्हता, अबेओकुटात १९१८ पासून होता. त्याच वर्षी एग्बा प्रदेशात कराविरुद्ध मोठा उठाव होऊन तो रक्तात बुडवला गेला. कर मुलींना पंधराव्या वर्षापासून आणि मुलांना सोळाव्या वर्षापासून. कर भरायला बाई पूर्ण नागरिक, मत द्यायला नाही.

देशाच्या पूर्व भागात १९२९ मध्ये इग्बो आणि शेजारच्या समाजांतल्या बायकांनी कराच्या धास्तीने असंच बंड केलं होतं. सैनिकांनी गोळ्या घातल्या, पन्नासहून जास्त बायका मेल्या. ही आठवण अबेओकुटाच्या बायकांच्या मनात नसेल असं म्हणता येणार नाही. तरी त्या निघाल्या.

मोर्च्याला परवानगी मिळत नसे. मग त्यांनी मोर्चाला मोर्चा म्हणायचंच बंद केलं. आज आमची सहल आहे, आज आमचा सण आहे, असं सांगून हजारो बायका रस्त्यावर उतरत. सणावर बंदी कशी घालणार? शेवटी परंपरा जपायची जबाबदारी सरकारनेच घेतलेली. फुनमिलायोंच्या घराच्या आवारात सराव चाले. अश्रुधुराचं नळकांडं पडलं तर डोळे कसे झाकायचे, आणि ते उचलून परत कसं फेकायचं. नोव्हेंबरच्या बैठकीनंतर काही बायकांना अटक झाली. डिसेंबरच्या ८ तारखेला पुन्हा दहा हजारांवर बायका वाड्यासमोर बसल्या आणि अटकेतल्या सोडवूनच उठल्या.

एक किस्सा सगळीकडे सांगितला जातो. एक इंग्रज अधिकारी फुनमिलायोंवर खेकसला की तुझ्या या बायकांना गप्प कर. त्यांनी त्याला त्याच्या आईवडिलांनी दिलेल्या वळणाविषयी विचारलं, आणि आपल्या आईशीही असंच बोलतोस का, असंही सुनावलं. साहेब गप्प झाला. बायकांच्या गाण्यांतही हेच होतं. बाई वयाने मोठी झाली की तिचा शाप लागतो, तिचा अपमान करू नये, हा जुना समज. तोच त्यांनी हत्यार म्हणून वापरला. राजाला शिव्या देणारी गाणी म्हणणं ही त्यांनी नव्याने शोधलेली गोष्ट नव्हती. अन्याय करणाऱ्या माणसाच्या दारात जाऊन त्याची नालस्ती गाणं ही पश्चिम आफ्रिकेतल्या बायकांची जुनी रीत.

आणि मग ओरो. योरुबा पुरुषांचा हा गुप्त पंथ. ओरो बाहेर पडला, त्याचा घूं-घूं आवाज ऐकू आला, की सगळ्या बायकांनी घरात दडून बसायचं. बाईने ओरो पाहिला तर ती मरते अशी भीती. बायका हटत नाहीत म्हटल्यावर हा ओरो बाहेर काढला गेला. परंपरेतलं शेवटचं आणि सगळ्यात भयंकर अस्त्र. फुनमिलायोंनी ओरोची काठीच हिसकावून घेतली आणि सगळ्या बायकांना दाखवली, असं सांगतात. कुणी मेलं नाही. म्हणजे ज्या परंपरेतून त्यांनी गाणी घेतली, कपडे घेतले, आईपणाचा मान घेतला, त्याच परंपरेतली बायकांना कोंडणारी काठी त्यांनी हिसकावली. इथे मला त्यांच्या विचाराचा सगळा गाभा दिसतो. त्यांनी परंपरेवर पुस्तक लिहिलं नाही. वाड्यासमोर उभं राहून निवड केली.

१९४८ मध्ये बायकांवरचा कर स्थगित झाला. त्या वर्षाच्या जुलैत ओग्बोनी मंडळही अलाकेच्या विरोधात गेलं, म्हणजे ब्रिटिशांनी बाजूला सारलेली जुनी व्यवस्थाही जागी झाली. अलाकेने शहर सोडलं आणि ३ जानेवारी १९४९ रोजी गादीचा त्याग केला. एकमेव सत्ताधारी ही पद्धत मोडली. नव्या हंगामी मंडळात चार बायका घेतल्या, त्यात फुनमिलायो एक. वोले सोयिन्का, ज्यांना १९८६ मध्ये नोबेल मिळालं, ते त्या वेळी त्याच शहरातले शाळकरी पोर होते. त्यांच्या ‘आके’ या बालपणाच्या आठवणींत हे बंड आहे.

इथे गोष्ट संपवली तर छान वाटेल. पण १९५० च्या डिसेंबरात अलाके परत गादीवर आला. चळवळीतल्या माणसाला याचं आश्चर्य वाटणार नाही. राजा परत आला तरी मोडलेली एकमेव सत्ता जशीच्या तशी परत आली नाही, एवढं मात्र खरं.

या लढ्याच्या ऐन मध्यावर, १९४७ च्या उन्हाळ्यात, फुनमिलायो लंडनलाही जाऊन आल्या होत्या. नव्या राज्यघटनेला विरोध करायला नायजेरियातल्या एनसीएनसी या राष्ट्रवादी पक्षाचं सात जणांचं शिष्टमंडळ गेलं, त्यात बाई एकटी ह्याच. तिथे त्यांनी डेली वर्कर या कम्युनिस्ट वर्तमानपत्रात लेख लिहिला. इंग्रजांच्या आधी आमच्या बायकांना व्यापारात, शेतीत, कारभारात जागा होती आणि वसाहतीने ती काढून घेतली, असा त्याचा आशय. यावरून गावाकडे त्यांच्यावर टीका झाली. पूर्वी सगळं छान होतं हे म्हणणं मलाही पूर्ण पटत नाही. टिनुबूच्या घरातल्या गुलाम बाईला विचारलं असतं तर तिने वेगळं सांगितलं असतं. पण गोरा साहेब आला म्हणून काळी बाई सुधारली, या थापेला उत्तर म्हणून तो लेख वाचला तर त्याचं वजन कळतं.

१९४९ पासून युनियन देशभर पसरली, नाव नायजेरियन विमेन्स युनियन. स्त्रियांना मताधिकार हा मुख्य मुद्दा. देशाच्या उत्तरेतल्या बायकांना तो १९७० च्या दशकापर्यंत मिळाला नाही. तिथेही कारण दिलं जायचं ते परंपरेचं आणि धर्माचं. फुनमिलायो व्हिएन्नाला गेल्या, मॉस्कोला गेल्या, १९५६ मध्ये चीनला गेल्या. मग कम्युनिस्ट असल्याचा शिक्का बसला, पासपोर्टचं नूतनीकरण नाकारलं गेलं, अमेरिकेने व्हिसा दिला नाही. हे नाकारणाऱ्यांत आता स्वतःच्याच देशाचे नेतेही होते. १९७० मध्ये सोव्हिएत संघाने लेनिन शांतता पुरस्कार दिला.

पक्षात काय झालं हे आपल्या कार्यकर्त्या बायकांनी तरी वाचावं. आंदोलनात हजारो बायका आणणारी बाई पक्षाला हवी होती, विधिमंडळात बसणारी नको होती. १९५९ मध्ये पक्षाने तिकीट नाकारलं. त्या अपक्ष उभ्या राहिल्या, मतं फुटली, दोघंही पडले, पक्षाने त्यांना काढून टाकलं. त्यांनी कॉमनर्स पीपल्स पार्टी नावाचा पक्ष काढला, तो फार चालला नाही. नवरा १९५५ मध्येच गेला होता. त्या पुन्हा शाळेकडे वळल्या.

मुलं मोठी झाली. ओलिकोये डॉक्टर, पुढे देशाचे आरोग्यमंत्री. बेको डॉक्टर आणि मानवी हक्कांचे कार्यकर्ते. मुलगी डोलुपो. आणि फेला, गायक, ज्याने लष्करी राजवटीची झोप उडवली. १९७० च्या दशकात फेलाने रॅन्सम हे मिशनऱ्याचं नाव टाकून अनिकुलापो हे नाव घेतलं. अर्थ साधारण असा की मरण ज्याच्या बटव्यात आहे तो. आईनेही तेच केलं. पन्नास वर्षांपूर्वी इंग्लंडहून येताना सुरू केलेलं नाव बदलणं तिने सत्तरी ओलांडल्यावर पूर्ण केलं.

पण याच फेलाने १९७२ मध्ये ‘लेडी’ नावाचं गाणं काढलं. त्यात पुरुषाच्या बरोबरीचा हक्क सांगणाऱ्या शिकलेल्या आफ्रिकी बाईची चेष्टा आहे, आणि घरात नवऱ्याचं ऐकणाऱ्या बाईला खरी आफ्रिकी ठरवलं आहे. १९७८ च्या फेब्रुवारीत त्याने एकाच समारंभात सत्तावीस बायकांशी लग्न केलं, आणि त्याला आफ्रिकी परंपरेचा आधार दिला. त्या बायकांवर नंतर समाजाने जो राग काढला त्यापासून त्यांना आसरा देणं हा त्यामागचा भाग होता, असं त्याच्या बाजूने सांगितलं जातं. असेल. तरी ज्या बाईने ओरोची काठी हिसकावली तिच्या मुलाला आफ्रिकी संस्कृती म्हणजे आज्ञाधारक बायको असं वाटावं, हे मला खटकतं. गोऱ्यांविरुद्ध लढणारा पुरुषही परंपरेतून आपल्याला सोयीचं तेवढं उचलतो. फुनमिलायोंनीही उचललंच होतं. फरक इतकाच की त्यांनी उचललेलं बाजारातल्या बाईच्या कामाला आलं.

तोवर त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. वर्षभर आधी, १८ फेब्रुवारी १९७७ रोजी, लागोसमधल्या फेलाच्या घरावर लष्कराने हल्ला केला. त्या घराला त्याने कलाकुटा प्रजासत्ताक असं नाव दिलं होतं. शेकडो सैनिक घुसले, माणसांना झोडपलं, घर जाळलं. सत्त्याहत्तरीत आलेल्या फुनमिलायोंना वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकलं. देशाचा लष्करी प्रमुख तेव्हा ओबासांजो होता, तोही अबेओकुटाचाच. चौकशी झाली. तिचा निष्कर्ष असा की हे कृत्य कुण्या अज्ञात सैनिकाचं आहे.

१३ एप्रिल १९७८ रोजी फुनमिलायो गेल्या. फेलाने पुढे आईच्या नावाची शवपेटी नेऊन लष्करी मुख्यालयाच्या फाटकासमोर ठेवली आणि त्यावर गाणंही केलं. त्यांचं दफन अबेओकुटात झालं, नवऱ्याच्याच कबरीत. हजारो लोक आले होते. बाजारातल्या बायकांनी त्या दिवशी दुकानं बंद ठेवली.